बसऱ्याला गेलेल्या पणजोबांचा माग कसा काढावा

खेड, दापोली, मंडणगड, पोलादपूर, महाड या पट्ट्यातल्या जुन्या घरांत एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "आमच्यातले एक बसऱ्याला गेलेले, ते परत आलेच नाहीत." बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं बंदर, आणि हे जाणं बहुधा पहिल्या महायुद्धातलं. त्या वाक्यापुढे कुणाला काही सांगता येत नाही. कुठल्या साली गेले, पलटण कोणती, गोळी लागून गेले की आजाराने, सगळं अंधारात. मी खेड तालुक्यात महा ई-सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीएम किसानची केवायसी यातून वेळ मिळेल तसा मी या माणसांचा शोध घेऊन देते. त्याचे पैसे घेत नाही. पद्धत एव्हाना हातात बसली आहे, ती इथे लिहून ठेवते, म्हणजे विरार-डोंबिवलीतल्या चाकरमान्यांनाही आपापल्या घरून करता येईल.

आधी लढाई समजून घ्या

शोध लागला की हाती येते ती दीड ओळीची नोंद: नाव, नंबर, पलटण, तारीख, स्मारक. लढाईचा क्रम माहीत नसेल तर त्या तारखेतून काही कळत नाही. म्हणून हा भाग टाळू नका.

पहिलं महायुद्ध १९१४च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं. आजचा इराक तेव्हा तुर्कांच्या ताब्यात होता, इंग्रज त्याला मेसोपोटेमिया म्हणत. शेजारी इराणच्या हद्दीत अबादानला तेल शुद्ध करण्याचा कारखाना होता आणि त्या कंपनीतला निम्म्याहून जास्त हिस्सा ब्रिटिश सरकारने त्याच वर्षी विकत घेतला होता, कारण त्यांचं आरमार कोळशावरून तेलावर येत होतं. ते तेल आणि इराणी आखात राखण्यासाठी मुंबईहून फौज निघाली. ६ नोव्हेंबर १९१४ला ती फाओला उतरली आणि महिना संपायच्या आत बसरा तिच्या हातात आलं. पहिल्याच ब्रिगेडमध्ये ११७ मराठा ही पलटण होती. म्हणजे आपल्याकडची पोरं अगदी सुरुवातीपासून तिथे होती.

तेल राखायचंच होतं तर बसऱ्याला थांबून काम भागलं असतं. पुढचं सगळं वरच्यांच्या हावेपायी झालं, असं माझं ठाम मत आहे. १९१५च्या जूनमध्ये अमारा, जुलैमध्ये नासिरिया, सप्टेंबरअखेर कूत. प्रत्येक गाव सहज पडलं आणि प्रत्येक वेळी साहेबांची नजर तैग्रिस नदीवरून आणखी वर गेली. बगदाद दिसायला लागलं होतं. पण नदीतून माल न्यायला पुरेशा बोटी नव्हत्या, जखमींसाठी दवाखाने नव्हते आणि मोहिमेचा खर्च हिंदुस्थान सरकार जमेल तेवढा आखडून करत होतं. २२ नोव्हेंबर १९१५ला बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला मोठी लढाई झाली. साडेचार हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. जनरल टाउनशेंडची सहावी पूना डिव्हिजन मागे फिरली ती ३ डिसेंबरला कूतला येऊन थांबली आणि ७ डिसेंबरला तुर्कांनी तिला वेढलं.

कोकणच्या घरांसाठी कूत हे नाव महत्त्वाचं आहे. या डिव्हिजनमध्ये तीन मराठा पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. त्यांत इंग्रजांच्या भरतीच्या हिशेबाने 'कोकणी मराठा' आणि 'दख्खनी मराठा' अशा वेगवेगळ्या कंपन्या असत, काहींत दख्खनी मुसलमानांच्याही. वेढा १४७ दिवस चालला. नदीच्या वळणात अडकलेलं मातीच्या घरांचं गाव, वरून तोफा, जानेवारीत खंदकात पाणी. धान्य संपत आलं तसे तोफखान्याचे आणि रिसाल्याचे घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोरे शिपाई ते मांस खात होते, हिंदी शिपायांनी नकार दिला. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगी मागवली गेली, ती आलीही, तरी बरेच जण एप्रिलपर्यंत शिवले नाहीत. परत गेल्यावर गाव काय म्हणेल, पंगतीला कोण बसू देईल, ही भीती उपाशी पोटीही सुटत नव्हती. भाजी नाही, मांस नाही. हिरड्या सुजल्या, दात हलले, जुन्या जखमा पुन्हा उघडल्या. स्कर्व्ही म्हणतात त्या रोगाला. शेवटी शेवटी दिवसाला माणशी शंभर-सव्वाशे ग्रॅम पीठ मिळत होतं. विमानांतून पोती टाकून बघितली, तीही पुरली नाहीत. ज्यांच्या दारात पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी नुसती उगवून येते, त्या गावांची पोरं हिरव्या पाल्यावाचून गेली. मला हे वाचल्यापासून टाकळा निवडताना त्यांची आठवण होते.

सोडवायला निघालेल्या फौजेची सुमारे २३ हजार माणसं मेली-जखमी झाली आणि तरी ती कूतपर्यंत पोचली नाही. २९ एप्रिल १९१६ला टाउनशेंड शरण गेला. सुमारे १३ हजार माणसं कैद झाली, त्यांत बहुतेक हिंदी. कैद्यांना उन्हातून वाळवंटातून चालवत नेलं. हिंदी कैद्यांपैकी पुष्कळ जण रास अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर लावले गेले आणि तिथेच संपले. टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात नोकरचाकरांसह राहिला. कूतच्या अरब रहिवाशांतल्या काहींना तुर्कांनी इंग्रजांना मदत केली म्हणून ठार मारलं. त्या गावालाही ही लढाई नको होती, हे विसरू नये.

ही मोहीम विलायतेतही बदनाम झाली. टेसिफॉनचे जखमी स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून आणि नंतर उघड्या बोटींतून, पट्टी न बदलता, स्वतःच्या घाणीत पडून बसऱ्याला आले होते. चौकशी आयोग नेमावा लागला. १९१७च्या जूनमध्ये त्याचा अहवाल छापून आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनना राजीनामा द्यावा लागला. इकडे भरती तरीही वाढतच होती. जिल्ह्याजिल्ह्याला आकडे ठरवून दिले जात होते. १० जून १९१८ला मुंबईत गव्हर्नर विलिंग्डनने बोलावलेल्या युद्ध परिषदेत आपल्या रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी स्वराज्याचा विषय काढताच त्यांना थांबवलं गेलं आणि ते सभा सोडून निघून गेले. त्याच वर्षी गांधीजी खेडा जिल्ह्यात शिपाई मिळवायला गावोगाव फिरले, तर लोक पुढे येईनात.

बगदाद ११ मार्च १९१७ला पडलं. तुर्कांशी युद्धबंदी ३० ऑक्टोबर १९१८ला झाली. पण हिंदी पलटणी लगेच परतल्या नाहीत. इंग्रज तिथेच बसले, १९२०मध्ये इराकी लोक त्यांच्याविरुद्ध उठले आणि ते बंड मोडायलाही आपलेच शिपाई वापरले गेले. हजारो इराकी मेले. म्हणून तुमच्या घरातला माणूस 'लढाई संपल्यावर' मेला असं कळलं तर त्यात विसंगती मानू नका.

सगळं मिळून सहा लाखांच्या घरात हिंदी माणसं मेसोपोटेमियाला गेली, त्यातली निम्मी बंदूक न धरणारी.

घरात काय शोधायचं

संगणकाला हात लावायच्या आधी घर शोधा. गणपतीत किंवा शिमग्याला गावी जाता तेव्हा एक दुपार राखून ठेवा आणि पोटमाळ्यावर चढा. पत्र्याची ट्रंक, देव्हाऱ्यामागची फळी, भाताच्या कणगीमागचा कोपरा. तीन वस्तू मिळू शकतात.

एक, पदक. राजाचं डोकं असलेलं गोल चांदीचं पदक, किंवा इंद्रधनुषी फितीचं पिवळं पदक, ज्यावर पंख असलेली बाई आहे. महत्त्वाची गोष्ट पदकाच्या चेहऱ्यावर नसते, कडेवर असते. कडेला बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. खोली अंधारी करून मोबाइलचा टॉर्च एका बाजूने आडवा धरा, अक्षरं सावलीने उठून दिसतात. पदक थोडं थोडं फिरवत फोटो काढा. चांदीऐवजी तेच पदक काशाचं असेल तर ते बहुधा मजूर पथकातल्या माणसाचं आहे. फितीवर 'इराक' असं इंग्रजीत लिहिलेली पट्टी असेल तर माणूस १९१९-२० मध्येही तिथे होता.

दोन, थाळी. साधारण १२ सेंटिमीटरची काशाची जड चकती, त्यावर त्रिशूळ घेतलेली बाई आणि सिंह, आणि चौकटीत फक्त नाव, हुद्दा नाही. ही मेलेल्या शिपायाच्या घरी पाठवलेली स्मृतिथाळी. माझ्या माहेरी ती तुळशीच्या कट्ट्याशी ठेवलेली असायची, आणि दर दिवाळीला आजी चिंचेने घासून लख्ख करायची. कृपा करून असं करू नका. चिंच, आमसुलाचं आगळ, राख, बाजारातली पावडर, काही नको. उठावाची अक्षरं झिजतात आणि अक्षरांपलीकडे त्या थाळीत आपल्या उपयोगाचं काही नाही. मऊ कोरड्या फडक्याने पुसायची, सुती कापडात गुंडाळून ठेवायची.

तीन, कागद. पेन्शनचं पुस्तक, डिस्चार्जचा दाखला, मनीऑर्डरची पावती. शिपायाचा पगार तेव्हा महिना ११ रुपये होता, परदेशी गेलं की थोडा भत्ता. खोताला मक्ता दिल्यावर वर्षभराचं भात उरत नाही अशा घराला ते ११ रुपये म्हणजे काय हे सांगायला नको. कागद वाळवीने खाल्लेला असेल तर उलगडायचा प्रयत्न करू नका, आहे तसा फोटो घ्या.

मग म्हाताऱ्या माणसांशी बोला. "कधी गेले" असं विचारलं तर उत्तर येत नाही. "म्हाळ कुठल्या तिथीला घालता" असं विचारा. आपल्याकडे ज्याची तिथी माहीत नाही त्याचं पान सर्वपित्रीला वाढतात. घरात एखाद्या पुरुषाचं पान पिढ्यान् पिढ्या सर्वपित्रीला जात असेल तर तो परगावी गेला आणि मेल्याची खबर उशिरा आली, असा तर्क करायला जागा आहे.

एक घोटाळा फार होतो: दोन महायुद्धांची सरमिसळ. माणगावात यशवंतराव घाडग्यांचा पुतळा आहे. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, इटलीत. पुष्कळ घरांतून "आमचे आजोबा घाडग्यांबरोबर बसऱ्याला होते" असं ऐकू येतं. आधी पिढ्या मोजा. आजोबांचे वडील किंवा आजोबा असतील तर पहिलं युद्ध. पदकावरचा राजा पाचवा जॉर्ज असेल तर पहिलं, सहावा असेल तर दुसरं.

तहसीलमध्ये

कुणबी दाखल्यांमुळे आता सगळ्यांना ठाऊक झालेली वाट इथेही उपयोगी पडते. तहसीलच्या अभिलेख कक्षात जुना गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, आणि कोतवाल बुक मागा. परदेशी मेलेल्याची नोंद त्यात क्वचितच असते, पण त्याच्या मुलाची जन्मनोंद असते, आणि तिथे बापाचं नाव, कुठे कुठे 'पलटणीत नोकरी' असा शेराही. त्याशिवाय वारसाचा फेरफार काढा. मयताचं नाव कमी करून विधवेचं किंवा भावाचं नाव लावलेलं असतं, त्यावरून साल बांधता येतं. बहुतेक नोंदी मोडीत आहेत. मोडी वाचणारी माणसं जिल्ह्यात आहेत, त्यांना योग्य मेहनताना द्या.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जरूर विचारा, पण तिथलं रेकॉर्ड मुख्यतः दुसऱ्या महायुद्धापासून पुढचं आहे.

संगणकावर

गूगलवर मराठीत 'बसरा रत्नागिरी' टाकलंत तर २०२०च्या निसर्ग वादळात मिऱ्याला लागलेलं 'बसरा स्टार' जहाज समोर येईल, पलटण नाही. थेट कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे महायुद्धांतल्या मृत सैनिकांची थडगी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर जा. मृत सैनिकांचा शोध तिथे मोफत आहे. ज्यांचा मृत्यू झाला तेच तिथे आहेत. जिवंत परतलेले सापडणार नाहीत. पंजाबातल्या ३ लाख २० हजार शिपायांच्या गाववार नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात मिळाल्या आणि आता इंटरनेटवर आल्या आहेत. मुंबई इलाख्यासाठी तशी सोय नाही, म्हणून आपल्याला हाच रस्ता.

आता नावाचं. सगळी गंमत आणि सगळा वैताग इथे आहे. गोऱ्या कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलं. धोंडू हे ढुंडू होतं, विठू हे विट्टू, गोविंद हे गोबिंद, रामचंद्र हे दोन तुकड्यांत राम चंदर. आडनाव बहुतेक वेळा सुर्वे, कदम, मोरे, शिंदे, जाधव, सावंत असं लिहिलेलं असतं, पण शेवटचा 'ए' कधी असतो कधी नसतो, सावंतात डब्ल्यूच्या जागी व्ही असतो. म्हणून पूर्ण नाव कधीही टाकू नका. आडनाव टाका, देश 'इंडियन' निवडा, युद्ध पहिलं निवडा, पलटणीचा आकडा माहीत असेल तर तो घाला. मग नावांची यादी एकेक उघडा. नोंदीच्या तळाशी 'अधिक माहिती' असते, तिथे 'अमक्याचा मुलगा, राहणार अमुक गाव, तालुका, रत्नागिरी' असं दिसतं. नावापेक्षा गाव आणि बापाचं नाव जुळणं मोलाचं. त्या रकान्यातही शोधता येतं, तेव्हा गावाचं नाव वेगवेगळ्या स्पेलिंगांनी टाकून पाहा.

जिल्हे तेव्हाचे धरा. सिंधुदुर्ग १९८१मध्ये वेगळा झाला, त्यामुळे मालवण, देवगड, वेंगुर्ल्याची माणसं 'रत्नागिरी'खाली मिळतात. रायगड तेव्हा कुलाबा होता. सावंतवाडी आणि जंजिरा ही संस्थानं, तिथली माणसं जिल्ह्याच्या नावाने नाहीत, संस्थानाच्या नावाने आहेत.

मध्यंतरी लोटे बाजूचे एक आजोबा आले. म्हणाले, "ताई, आमचा म्हातारा बसऱ्याला गेलेला, तेवढं बघ ना कुठं सापडतंय का." त्यांच्याकडे फक्त बापाचं आणि वाडीचं नाव होतं. वाडीचं नाव इंग्रजीत भलतंच लिहिलेलं होतं, तरी मोठ्याने वाचल्यावर त्यांनी लगेच ओळखलं. म्हणून शोधताना घरातलं म्हातारं माणूस शेजारी बसवा आणि प्रत्येक नोंद मोठ्याने वाचून दाखवा. डोळ्यांना जे चुकीचं दिसतं ते कानाला कळतं.

नोंद कशी वाचायची

पलटण १०३, ११० किंवा ११७ आणि तारीख ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या दरम्यानची असेल तर माणूस बहुधा वेढ्यात होता. त्याच पलटणीतला, पण तारीख मे १९१६ नंतरची असेल तर कैदेत गेल्याची शक्यता मोठी. मात्र या पलटणी नव्या भरतीने पुन्हा उभारल्या गेल्या, त्यामुळे १९१७-१८च्या तारखा नव्या शिपायांच्याही असू शकतात. १०५, ११४ आणि ११६ मराठा १९१६पासून तिथे लढल्या. १९१७मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली. १९१८च्या शरदातली तारीख असेल तर इन्फ्लुएंझा लक्षात घ्या. आणि एरवीही मृत्यू म्हणजे गोळीच असं धरू नका. कॉलरा, हगवण, हिवताप आणि उन्हाळ्यातली उष्णता यांनी गोळीइतकीच माणसं खाल्ली.

पलटणींचे आकडे १९२२मध्ये बदलले. ११० मराठा पुढे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली, ११७ पाचवी झाली. घरातल्या कागदावर नवा आकडा असेल तर त्यावरून जुना काढा.

स्मारकाच्या जागी बहुतेक वेळा 'बसरा मेमोरियल' लिहिलेलं असतं. तिथे ज्यांची थडगी माहीत नाहीत अशा ४० हजारांहून अधिक माणसांची नोंद आहे. पण भिंतीवर नावं आहेत ती गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची. साध्या हिंदी शिपायांसाठी पलटणीचं नाव आणि खाली नुसता आकडा: 'आणि इतर इतके हिंदी शिपाई.' नावं वहीत राहिली. कमिशनने स्वतः २०२१च्या अहवालात हा भेदभाव मान्य केला आणि माफी मागितली. हे स्मारक १९९७मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने बंदरातून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं गेलं आहे. तिथे जाऊन फूल वाहण्याचा विचार सध्या बाजूला ठेवा.

सापडलेली तारीख पंचांगात घालून तिथी काढता येते. कूत पडलं तो दिवस चैत्र वद्यातला. माझ्या माहेरच्या पणजोबांची तारीख मिळाल्यावर त्यांचं पान सर्वपित्रीवरून त्यांच्या स्वतःच्या तिथीवर आलं. त्या दिवशी माझ्या चुलत्यांनी त्यांचं नाव पहिल्यांदा सगळ्यांसमोर पूर्ण उच्चारलं. या सगळ्या खटाटोपाचा माझ्यापुरता अर्थ एवढाच आहे.

शिपाई नसलेल्यांना विसरू नका

दलित घरांना मी विशेष करून सांगते. लष्करी परंपरा जुनी असूनही इंग्रजांनी महारांची भरती १८९०च्या दशकात बंद केली. रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर त्याविरुद्ध अर्ज करत राहिले. कॅम्प दापोलीत पेन्शनरांची वस्ती होती, बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार तिथेच राहिले होते. भरती बंद झाल्याने या घरांचं काय झालं ते बाबासाहेबांनी १९२७मध्ये महाडच्या परिषदेत सांगितलं आहे. १९१७ला दार उघडलं आणि लढाई संपल्यावर पुन्हा बंद झालं. मधल्या काळात पुष्कळ जण 'फॉलोअर' म्हणून गेले: हमाल, भिस्ती, डोलीवाले, खेचरं हाकणारे, मेहतर. तेव्हा फक्त मराठा पलटणींत शोधून थांबू नका. लेबर कोअर, पोर्टर कोअर, सप्लाय अँड ट्रान्सपोर्ट, हॉस्पिटल कोअर हेही बघा.

दाभोळ, जयगड, हर्णै, बाणकोटकडच्या मुसलमान, खारवी, भंडारी घरांतली माणसं जहाजावर खलाशी, सारंग, टिंडेल होती. तैग्रिसवरच्या बोटीही अशीच माणसं चालवत होती. समुद्रात मेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचं स्मारक मुंबईत मस्जिद बंदरला सेलर्स होममध्ये आहे. संकेतस्थळावर ते 'बॉम्बे १९१४-१९१८ मेमोरियल' म्हणून मिळतं. जाताना परवानगी विचारून जा.

गावातला दगड

काही गावांत चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी असते: या गावातून १९१४ ते १९१९च्या महायुद्धात इतके गेले, त्यातले इतके कामी आले. नाव एकाचंही नाही. जीर्णोद्धारात ती काढून टाकली जाते किंवा तिच्यावर ऑइल पेंट बसतो. गावकीच्या बैठकीत आधीच विषय काढा, पाटी नव्या भिंतीत बसवून घ्या. रंग बसलाच असेल तर तारेच्या ब्रशने खरवडू नका, पेंट रिमूव्हर आणि लाकडी पट्टी वापरा. आणि तुम्हाला जितकी नावं सापडतील तितकी ग्रामपंचायतीत ठरावाने नोंदवा, एकाच घराची नको, सगळ्या वाड्यांची.

नवीन फलक लावणार असाल तर मजकूर साधा ठेवा. 'देशासाठी हौतात्म्य' असं लिहायचा आग्रह होतो. देश तेव्हा आपल्या हातात नव्हता आणि ही लढाई आपल्याला विचारून झाली नव्हती. नाव, बापाचं नाव, वाडी, पलटण, कुठे आणि कधी मेले, एवढं लिहा.

नोंद सापडलीच नाही तर

मेलेल्यांतली पुष्कळ माणसं कमिशनच्या वह्यांतही नाहीत, फॉलोअर तर फारच. अशा माणसांची नावं आता पुराव्यावर घेतली जातात. मृत्यू ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात आणि नोकरीत असताना झालेला असला पाहिजे. घरी परतून त्या लढाईतल्याच दुखण्याने याच मुदतीत गेले असतील तरी विचारून बघा. संकेतस्थळावर चौकशीचा अर्ज आहे. त्याला पदकाच्या कडेचे फोटो, थाळीचा फोटो, पेन्शनचा कागद, वारसाचा फेरफार आणि मोडीचं लिप्यंतर जोडा. मूळ कागद कुणालाही, कितीही मोठ्या कचेरीला, देऊ नका. नावाचं जे स्पेलिंग द्याल तेच कायमचं राहतं, म्हणून अर्जात त्यांचं नाव देवनागरीतही लिहा, आणि ते कसं उच्चारायचं ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून मगच अर्ज पाठवा.